भाऊंनी आकडा सांगितला नाही ते वर्ष

प्रत्येक घराची एक खरी किंमत असते. ती कोणी ठरवत नाही, कोणाला ठरवताही येत नाही. ती त्या घराच्या भिंतीत, मातीत आणि पाण्यात आधीपासूनच मुरलेली असते. माणसाच्या हातात एवढंच, की ती शोधून काढायची आणि नम्रपणे कागदावर उतरवायची.

हा विचार माझा नाही. ज्यांच्या तोंडून मी तो पहिल्यांदा ऐकला ते त्या वेळी अकोट तालुक्यातल्या एका अनोळखी घराच्या स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यावरचं स्कूटरचं हेल्मेट तसंच ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत उभे होते. चौथ्या शिट्टीनंतर त्यांनी मला हा विचार सांगितला आणि लगेच बोट वर करून गप्प केलं, कारण पाचवी येत होती.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. वऱ्हाडात हे काही नाव नव्हे. चौकात ‘भाऊ’ अशी हाक मारली तर निम्मा चौक मागं वळून पाहतो. पण अमरावती-अकोल्याच्या बँकांमध्ये ‘भाऊंचा रिपोर्ट’ म्हटलं की तो यांचाच. ते व्हॅल्युअर होते. सरकारी मराठीत मूल्यांकनकार. बँक घरासाठी कर्ज देते तेव्हा ते घर खरंच तेवढ्या किमतीचं आहे का, हे कोणीतरी त्रयस्थानं जाऊन पाहायचं आणि सही-शिक्क्यानिशी सांगायचं असतं. भाऊ तीस वर्षं ते सांगत होते.

मी त्यांच्याकडे गेलो तो किमतीच्या तत्त्वज्ञानाच्या ओढीनं नव्हे. मी सिव्हिल इंजिनिअर. सहा वर्षं एका ठेकेदाराकडे नाल्या आणि कंपाउंडच्या भिंती बांधून घेत होतो. एकदा आमच्याच साइटवर एक व्हॅल्युअर आला, छत्रीत उभा राहिला, दहा मिनिटं पाहिलं, टेप धरायला मला सांगितलं आणि निघून गेला. वऱ्हाडातल्या मे महिन्यात ज्याला छत्रीत उभं राहून पोट भरता येतं तो व्यवसाय मला विचार करण्यासारखा वाटला. मी माहिती काढली आणि भाऊंना जाऊन भेटलो. पदवी हवी, ती होती. पाच वर्षांचा अनुभव हवा, तो होता. मूल्यांकनकारांच्या एखाद्या संस्थेचं सभासद व्हायचं, पन्नास तासांचा अभ्यासक्रम पुरा करायचा, मग कॉम्प्युटरवर परीक्षा, साठ टक्के गुण, चुकलेल्या उत्तराला वजा गुण, मग अर्ज, मग नोंदणी. हे सगळं मी त्यांना पाठ म्हणून दाखवलं.

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. “अन् पाणी?” ते म्हणाले.

“कोणतं पाणी?”

“तेच तं.”

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर फिरायला लागलो.

पाण्याचं असं आहे, की अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या मधोमध पूर्णेच्या काठानं जी काळीभोर जमीन पसरली आहे तिच्या पोटातलं पाणी खारं आहे. त्याला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणा, बोअर मारा, वर येतं ते मीठ. गावाला धरणाच्या पाइपलाइनचं पाणी मिळतं, पण नळ येतो आठ-दहा दिवसांनी, आणि ते पाणी प्यायला जपून ठेवावं लागतं, रांधणं एरवी बोअरवरच. ज्या घराच्या बोअरला गोड पाणी, त्या घराची गोष्टच वेगळी. म्हणून भाऊ कोणत्याही घरात शिरले की पहिल्यांदा पाणी मागत. स्वतःच्या पिशवीतून स्टीलचा पेला काढून देत, बोअरचं पाणी त्यात घ्यायला लावत, एक घोट तोंडात घोळवत आणि वहीत काहीतरी लिहीत. वीसएक वर्षं हे सुरळीत चाललं.

मग गावोगाव जारचं पाणी आलं. आता तेल्हाऱ्यापलीकडच्या खेड्यातसुद्धा पाहुण्याला जारचंच थंडगार पाणी मिळतं, आणि ‘बोअरचं द्या’ म्हटलं तर घरमालकाला अपमान वाटतो. एकानं तर भाऊ येणार म्हणून वरची टाकीच टँकरनं भरून ठेवली होती. भाऊ चूळ भरून म्हणाले, “अमृत हाय,” आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

“वहिनी, तुरीच्या डाळीले किती शिट्ट्या घेता?”

त्या बाई बिचाऱ्या खरं बोलल्या. “रोज तं सात घ्या लागतात. आज तीनातच झालं, काय माहीत काहून.”

खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही बाईला माहीत असतं. पुरुषांना माहीत असावं अशी अपेक्षा नसते, म्हणून टाकी भरणाऱ्याला ते सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून भाऊंनी पेला पिशवीत ठेवून दिला आणि शिट्ट्या विचारायला सुरुवात केली. तीन म्हणजे गोड. पाच म्हणजे मचूळ. सातच्या पुढं असेल तर भाऊ पायाच्या भिंतीला हात लावून पाहत, कारण जे पाणी डाळीला शिजू देत नाही ते प्लास्टरलाही टिकू देत नाही, भिंतीला खारट पांढरा लोणा चढवतं.

या प्रश्नाचा एक तोटा होता. दुपारी साडेबाराला एखादा भला माणूस तुमच्या घरी येऊन डाळ किती वेळात शिजते असं विचारतो, तेव्हा घरातली बाई त्याचा एकच अर्थ लावते. वर्षातून पाच-सहा वेळा तरी आम्ही असे गैरसमजानं जेवलो.

रिपोर्टात ‘पाणीपुरवठा’ या रकान्यात भाऊ स्वच्छ अक्षरात लिहीत: ‘खारा. तूर डाळ, सात शिट्ट्या.’ एका बँकेत पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले नवे मॅनेजर होते. त्यांनी भाऊंना बोलावून घेतलं. मी सोबत होतो.

“हे सात शिट्ट्या म्हणजे काय?”

“डाळ.”

“कोणाची?”

“ज्याचं घर त्याची.”

“अहो, मी हे हेड ऑफिसला पाठवणार. वरचे विचारतील, त्यांना मी काय सांगू?”

“त्याइले म्हणा, घरी इचारून पाहा किती होतात.” भाऊ उठले. दारापर्यंत गेले आणि परत वळले. “तुमच्या क्वार्टरचं छप्पर पाह्यून घ्या साहेब. आतल्या खोलीत झोपत जाऊ नका.”

हेल्मेटचं कारणही छप्परच. बडनेऱ्याच्या एका जुन्या घरात ते छताकडे पाहत असताना छतही त्यांच्याकडे आलं, निदान त्याचा एक पोपडा आला. तेव्हापासून ते कोणाच्याही घरात हेल्मेट काढत नसत. नव्या फ्लॅटमध्ये तर मुळीच नाही. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसत नसत. “सोफा घरमालकानं घेतलेला असते,” ते म्हणत, “तो त्याच्याच बाजूनं बोलते.” खिशात काचेची एक गोटी असे. ती फरशीवर सोडत आणि ती कुठल्या कोपऱ्यात जाते ते पाहत. काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात एका बाजूला आणि पावसाळ्यात दुसऱ्या बाजूला झुकतात. गोटीला ते आधी कळतं. सगळं झालं की बाहेर ओट्यावर बसत, रस्त्याकडे तोंड करून. दहा मिनिटं, कधी पंधरा. कोण जातं, कोण येतं, कोण थांबून विचारपूस करतं. मग वही उघडून आकडा लिहीत. खाडाखोड नाही, गुणाकार नाही.

मला त्या पंधरा मिनिटांचं फार कुतूहल होतं. पाणी, भिंत, गोटी, रस्ता, हे सगळं मीही पाहिलेलं असे. माझ्या डोक्यात आकडा उमटत नसे. 

“भाऊ, हे सगळं पाहून आकडा येतो कसा?”

“येते.”

“पण कसा?”

“तू ओट्यावर बसून मायाकडं पाहत राहतं. रस्त्याकडं पाह्यत जा.”

मी सहा महिने रस्त्याकडे पाहिलं. शेळ्या पाहिल्या.

याच काळात अमरावतीला मूल्यांकनकारांचा एक मेळावा झाला. वातानुकूलित सभागृह, फुलांची कमान, ‘मूल्यांकन आणि जीवनमूल्ये’ या विषयावर एका पाहुण्यांचं दीड तास भाषण. भाऊंचा ज्येष्ठ म्हणून सत्कार होता. शाल, नारळ आणि आतलं घड्याळ बंद असलेलं स्मृतिचिन्ह. पाहुणे जीवनमूल्यांवर बोलत असताना भाऊ व्यासपीठावर बसून छताच्या एका ओल्या डागाकडे बघत होते. सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले आणि म्हणाले, “सर्वांचे आभार. गच्चीवर उत्तरेकडच्या पाइपले पाणी मुरून राहिलं हाय. यंदा नाही केलं तं पुढच्या मेळाव्याले मंडप टाका लागन.” आणि बसले. टाळ्या उशिरा पडल्या.

या सगळ्याला खीळ बसली ती बँकेच्या एका पत्रानं. पत्र सभ्य होतं. नव्या नियमांनुसार यापुढं ज्यांनी ती कॉम्प्युटरची परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी केली आहे अशांचेच रिपोर्ट घेतले जातील, तरी सहकार्य करावे. दुसऱ्या बँकेचंही आलं. म्हणजे मी जी पायरी चढायला निघालो होतो तीच आता भाऊंनाही चढायची होती, वयाच्या साठीनंतर आणि माझ्याबरोबर.

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “बरोबर हाय. लायसन नाही तं आकडा नाही.”

मी हे वाक्य ऐकून सोडून दिलं. भाऊंनी मात्र ते पाळायला घेतलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही अमरावतीच्या इतवारा बाजारात भाजी घ्यायला गेलो. काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, सोबत होत्या. भाऊ बाजारात गेले की भाजीवाल्या सावध होत. हा माणूस मेथीची जुडी हातात घेऊन ती कालची की परवाची, कोणत्या शेतातली आणि कितीला द्यायला हवी, हे तिघांच्या देखत सांगे. त्या दिवशी नेहमीची माळीण म्हणाली, “भाऊ, मेथी तीसची जुडी.”

भाऊ म्हणाले, “दे.”

ती थांबली. “पंचवीसले देतो.”

“तुले जे वाटते ते.”

माळीण घाबरली. काकूंना बाजूला घेऊन तिनं विचारलं, “काकू, भाऊले बरं नाही काय?”

पुढचे कित्येक महिने भाऊंनी कोणत्याही वस्तूची किंमत उच्चारली नाही. शेंदूरजनाघाटचे त्यांचे साडू दर वर्षी संत्र्याचा बहार व्यापाऱ्याला देण्याआधी त्यांना बाग दाखवत आणि कितीला सोडावा ते विचारत. त्या वर्षीही आले, बागेत फिरवलं, विचारलं. भाऊ म्हणाले, “झाडं चांगली हाय.” 

“ते मले बी दिसून राहिलं. पण कितीले देऊ?”

“मले अधिकार नाही.”

साडूंनी याचा अर्थ असा घेतला की मागच्या लग्नातल्या मानपानाचं काहीतरी राहिलं आहे. ते दोन महिने बोलले नाहीत. रिक्षावाला मागेल ते भाऊ देत. भंगारवाला जुन्या कुलरचे जे देईल ते घेत. शेवटी काकूंनी निकाल दिला: “एक तं परीक्षा द्या, नाही तं बाजाराले येऊ नका. दोन्ही मिळून मले परवडत नाही.”

आम्ही दोघांनी पन्नास तासांचा वर्ग मोबाइलवर एकत्र ऐकला. भाऊ वह्या भरून टिपणं काढत आणि प्रत्येक तासाला एकदा तरी स्क्रीनला ‘असं नसते’ असं सांगत. परीक्षेचं केंद्र नागपूरला होतं. एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये आमचे नंबर आले. भाऊ माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे. हेल्मेट बाहेर ठेवायला लावल्यामुळे ते जरा अस्वस्थ होते. अर्धा तास गेला आणि त्यांनी हात वर केला. पर्यवेक्षक म्हणून एक तरुण मुलगी होती, ती धावत आली.

“काय झालं सर? कॉम्प्युटर बंद पडला का?”

“कॉम्प्युटर चालू हाय. हा प्लॉट कुठी हाय?”

“कोणता प्लॉट?”

“हा. तीस बाय पन्नासचा.”

तिनं वाकून पाहिलं. “सर, हा प्लॉट कुठेच नाहीये. हा प्रश्न आहे.”

“मंग त्याची किंमत काहून इचारून राहिले?”

“सर, खाली चार पर्याय दिलेत. त्यातला एक निवडायचा.”

“निवडतो नं. पण पाणी खारं हाय का गोड, एवढं तरी इचारून या.”

ती मुलगी खरंच विचारायला गेली, हे मला आजही कौतुकाचं वाटतं. परत येऊन तिनं सांगितलं, की पाण्याबद्दल काही माहिती उपलब्ध नाही. भाऊंनी तो प्रश्न सोडला. असे त्यांनी निम्मे सोडले. ज्या मालमत्तेचा पत्ता नाही तिची किंमत सांगणं त्यांना खोटी साक्ष देण्यासारखं वाटत होतं.

निकाल तिथल्या तिथं स्क्रीनवर दिसतो. भाऊ नापास झाले. मी उत्तीर्ण झालो. तोवर मी स्वतःच्या अकलेनं एकाही घराची किंमत काढलेली नव्हती, याची नोंद इथं करून ठेवतो.

दीड महिन्यात माझी नोंदणी झाली, शिक्का तयार झाला आणि पहिलं काम आलं. तेल्हाऱ्याकडच्या एका गावातल्या मावशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी अमरावतीला. मुलीनं आईसाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. मावशींना घर विकून तिकडे जायचं होतं, आणि घेणारा होता भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. दोन एकरांत भाजीपाला लावून तेल्हाऱ्याच्या बाजारात विकणारा. त्याला बँकेचं कर्ज हवं होतं. सगळं ठरलेलं, फक्त किंमत ठरायची होती. मावशींची जायची तयारी तर इतकी पक्की, की चार पोती बांधून झाली होती आणि पाटा-वरवंटा, खलबत्ता, मोठी परात हे सगळं त्यांनी शेजारणीला देऊनही टाकलं होतं. आता चटणी वाटायची तर त्या आपलाच पाटा मागून आणत.

भाऊ माझ्या मागं बसून आले. ‘मी नुसता येतो’ एवढंच बोलले आणि गेल्या गेल्या ओट्यावर जाऊन बसले. मी टेप धरला, गोटी सोडली, लोणा पाहिला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, आवाज जमेल तितका भाऊंसारखा करून, विचारलं.

“मावशी, डाळीले किती शिट्ट्या?”

“पाच.”

“सात!” भिंतीपलीकडून आवाज आला आणि पाठोपाठ शेजारी स्वतः आला.

मावशी त्याच्याकडे वळल्या. “तू माया घरच्या शिट्ट्या मोजून राहिला काय रे?”

“मोजा नाही लागत काकी. तुमचा कुकर आमच्याच घरात वाजल्यावानी वाजते. सातवी झाली की आमचं लेकरू उठते.”

“लेकरू पाचवीलेच उठते. सातवीले तू उठतं.”

“बोअर खारं हाय हे अख्ख्या गावाले माहीत हाय.”

“मंग काहून घेऊन राहिला? नको घेऊ.”

“मी कुठी नको म्हंतलं!”

चार दिवसांनी मी रिपोर्ट घेऊन गेलो. भाऊ याही वेळी सोबत आले आणि ओट्यावर बसले. आकडा वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, कमी आहे. शेजारी म्हणाला, जास्त आहे. मग दोघांनीही एकाच वेळी ओट्याकडे पाहिलं. भाऊ समोरच्या बाभळीकडे पाहत होते.

“भाऊ, तुमी सांगा,” मावशी म्हणाल्या. “हे पोरगं शिकेल हाय, पण तुमी सांगा.”

“मले लायसन नाही मावशी.”

“अंदाजे सांगा,” शेजारी म्हणाला. “तोंडी. लिहू नका.”

“अंदाज म्हंजे बी आकडाच.”

“मायी आण हाय तुमाले!”

भाऊ हेल्मेटातून खाली पाहू लागले. बँकेला माझी सही चालली असती. चालली नाही ती या दोघांना. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, की भाऊ पास होईपर्यंत थांबायचं. भांडण अजिबात झालं नाही. त्या एका गोष्टीवर त्यांचं पूर्ण एकमत होतं.

भाऊ परीक्षेला दुसऱ्यांदा बसले, उन्हाळ्यानंतर. त्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. मीच तो भाऊंच्या कानाला लावला, पण मावशी गावाला ऐकू जाईल अशा बोलत, त्यामुळं मलाही ऐकू आलं.

“निकाल लागला भाऊ?”

“लागला मावशी.”

“पास?”

“नाही.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. “मंग मी पाटा मागून आणतो. पोरगी म्हणून राहिली होती की नाहीच जमलं तं ते खोली किरायानं देतो. तिले सांगतो, थांब म्हणून. किती थांब म्हणू?”

घरी आल्यावर त्यांनी वह्या काढल्या आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, “इंजिनेर, तू कसा पास झाला ते सांग.”

त्यांचा अडसर कुठं आहे ते तोवर मला कळलं होतं. सूत्रं त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत होती. पत्ता नसलेल्या घरापाशी ते अडत होते. म्हणून मी सरावाच्या प्रत्येक प्रश्नाला पत्ता द्यायला लागलो. ‘एका शहरात एक भूखंड आहे’ असं आलं की मी म्हणायचो, “भाऊ, हा दर्यापूर रोडले, पेट्रोल पंपाच्या मागं.” की भाऊ सटासट गणित सोडवायचे. ‘एक व्यापारी गाळा’ म्हटलं की, “अकोल्याले, टॉवर चौकाकडं.” काही दिवसांत आम्ही अख्ख्या प्रश्नसंचाला वऱ्हाडभर वसवलं. चिखलदऱ्याच्या वाटेवर एक हॉटेल होतं, ते चुकून सेमाडोहच्या जंगलात गेलं, तर भाऊ म्हणाले, “तिथं बांधकामाले परवानगी नाही,” आणि उत्तर शून्य काढलं. तेवढं एक सोडलं तर बाकी बरोबर होतं.

“पण तिथं मी नसणार,” मी म्हणालो. “तिथं तुमचा पत्ता तुम्हालाच घालावा लागेल. आणि पाणी सगळीकडे गोड धरायचं.”

“सगळीकडं?”

“परीक्षेपुरतं.”

भाऊंनी वही मिटली. “सगळ्या देशात पाणी गोड असन,” ते म्हणाले, “तं व्हॅल्युअरची गरजच काय?”

काकू आतून म्हणाल्या, “मेथी चाळीस रुपये झाली. गोड धरा.”

तिसऱ्यांदा मी केंद्राबाहेर उभा होतो. भाऊ बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, गेलं. त्यांनी आधी हेल्मेट घातलं, बंद लावला, मग बोलले.

“झालो.”

“पास?”

“हो. सगळीकडं गोड धरलं. सतराच्या सतरा प्लॉटले.” खोटं बोलून आलेल्या माणसासारखे ते इकडंतिकडं पाहत होते. आम्ही एसटीनं परत निघालो. अमरावतीला उतरल्यावर पेरूवाल्यानं किलोचे साठ रुपये सांगितले. भाऊंनी एक पेरू उचलला, दाबला आणि म्हणाले, “पस्तीस.” काकूंना मी तो पेरू नेऊन दाखवला.

नोंदणीचा कागद हाती आला त्या आठवड्यात आम्ही मावशींकडे गेलो. माझ्या पहिल्या फेरीला अकरा महिने होत आले होते. मावशी ओट्यावर बसलेल्या, शेजारीही बसलेला, मध्ये लेकरू. पोती अजून बांधलेलीच होती; एकाला उंदरानं भोक पाडलं होतं ते मावशींनी चिंधीनं शिवलं होतं.

“तुमाले परीक्षा द्या लागली काय भाऊ?” शेजारी म्हणाला. “आमाले वाटे तुमी पैलेपासूनच पास हाय.”

भाऊ आत गेले. डाळ चढवायला सांगितली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मावशी कुकर चढवून बाहेर येऊन बसल्या. मावशी आणि शेजारी दोघंही भिंतीकडे कान देऊन बसले होते, पण मावशींच्या तोंडून सारखं काहीतरी बोललं जात होतं आणि शेजाऱ्याचं लेकरू रडायला लागलं, त्यामुळं शिट्ट्या कोणालाच नीट मोजता आल्या नाहीत. भाऊ बाहेर आले. पंधरा मिनिटं रस्त्याकडे पाहत बसले. मग वही उघडली, आकडा लिहिला आणि मोठ्यानं वाचला.

मावशींनी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यानं मान हलवली.

“आता कसं बोलले,” मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्या पोती मोजू लागल्या. “चारच हाय ना रे? टेम्पोवाल्याले फोन कर बापा, उद्याचा.”

शेजारी फोन करायला पळाला. आम्ही वरण-भात खाऊन निघालो.

गावाबाहेर आल्यावर मला राहवलं नाही. मी गाडी हळू केली आणि मान वळवून विचारलं, “भाऊ, शिट्ट्या किती झाल्या शेवटी? पाच का सात?”

“तीन.”

“तीन? बोअरचं पाणी असून?”

“आज सकाळी नळ आला होता. मावशीनं नळाचंच घातलं.”

“मग आकडा कुठून आला?”

“तुया रिपोर्टातला,” भाऊ म्हणाले. “तो बरोबर होता.”

त्या वेळी मला पाच आणि सात यांच्यात काही ठरवता येईना, म्हणून मी तो सरकारी दरपत्रकातून जसाच्या तसा उतरवला होता.